खिद्रापूरचा कोपेश्वर: मंदिर कोणत्या क्रमाने पाहावं

पहिल्यांदा खिद्रापूरला गेलो तेव्हा मी मंदिर उलटं पाहिलं. गाडीतून उतरलो, सरळ आत शिरलो, छताच्या गोल झरोक्यातून दिसणाऱ्या आभाळाचे फोटो काढले, गाभाऱ्यात हात जोडले आणि अर्ध्या तासात बाहेर. परतताना कुरुंदवाडला चहा पिताना सोबतच्या मित्राने विचारलं, "अरे, नंदी कुठे होता?" आम्ही चौघे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. शंकराच्या देवळात नंदीच नाही, आणि ते आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं!

त्यानंतर बऱ्याच वेळा जाणं झालं. आता कुणाला घेऊन गेलो की एक क्रम ठरलेला असतो, तोच इथे लिहितोय. कोपेश्वराबद्दल तीन जण तीन गोष्टी सांगतात: गावात ऐकू येणारी कथा, भिंतीवरचा शिलालेख आणि स्वतः दगड. तिघांचं म्हणणं प्रत्येक वेळी जुळत नाही. कुणाचं काय ते वेगवेगळं ऐकून घेतलं तर मंदिर कळतं. सगळं एकत्र कालवलं की "फार प्राचीन आणि फार सुंदर" एवढंच हाती लागतं.

निघण्याआधी

खिद्रापूर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर, कर्नाटकच्या हद्दीला चिकटून आहे. कोल्हापूरहून साधारण ६० किलोमीटर. रेल्वेने येणार असाल तर मिरज-कोल्हापूर मार्गावरचं जयसिंगपूर हे सोयीचं स्टेशन. तिथून शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड असं पुढे यायचं. एसटीने येणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच विचारून ठेवावी, नाहीतर मंदिरातलं निम्मं लक्ष घड्याळाकडे जातं.

जुलै-ऑगस्टमध्ये येण्याआधी नदीची चौकशी करा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या तालुक्याचे काय हाल झाले ते सगळ्यांना माहीत आहे. कृष्णा-पंचगंगेला पाणी चढलं की इथले रस्ते सांगून बंद होत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. मार्चनंतर यायचं तर जाड मोजे आणाच. काळा बेसॉल्ट दुपारी तव्यासारखा तापतो आणि चपला बाहेर ठेवायच्या असतात. मी एकदा ही चूक करून अख्खी प्रदक्षिणा सावलीच्या तुकड्यांवर उड्या मारत केली आहे.

सोबत एक चांगला टॉर्च हवा. दुर्बीण असेल तर फारच छान. एक वही. मंदिर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे ट्रायपॉड किंवा ड्रोन परवानगीशिवाय काढू नका.

पहिला टप्पा: आत जाऊ नका

मंदिर पूर्वाभिमुख आहे. समोर पहिल्यांदा स्वर्गमंडप, म्हणजे छताला गोल झरोका असलेला खांबांचा मंडप, लागतो, त्यामागे सभामंडप, मग अंतराळ (गाभाऱ्याआधीची छोटी जागा) आणि शेवटी गर्भगृह. स्वर्गमंडप समोरच असल्यामुळे पाय आपोआप तिकडे वळतात. तो मोह आवरा. डावीकडे वळा आणि देव उजव्या हाताला ठेवून बाहेरून प्रदक्षिणा सुरू करा. म्हणजे आधी दक्षिणेची भिंत येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे या भिंतीवर दिवसभर तिरपा उजेड असतो आणि कोरीवकाम उठून दिसतं.

सुरुवात खालून करा. पायथ्याशी हत्तींची रांग आहे, गजपीठ. अख्खं देऊळ या हत्तींच्या पाठीवर ठेवलंय असं वाटावं, अशी ती योजना आहे. हत्तींची संख्या ९२ असल्याचं सांगतात. मोजून बघा, मुलं बरोबर असतील तर त्यांना हे काम द्या. एकाच छापाचे हत्ती समजून पुढे जाऊ नका. कुणाच्या पाठीवर देवता आहे, कुणाचा साज वेगळा आहे. एका हत्तीपाशी खाली बसा. गळ्यातल्या घंटेची दोरी, झुलीची किनार, कानाची घडी, एवढं सगळं बेसॉल्टमध्ये काढलंय. हा दगड छिन्नीला सहज दाद देत नाही. लाव्हा थंड होऊन झालेला तो, संगमरवरासारखा मऊपणा त्याच्यात नाही. तरीही दोरीचा पीळ दिसतो.

बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत. गावात याचं खापर औरंगजेबाच्या फौजेवर फोडलं जातं. १७०१ मध्ये बादशहा पन्हाळ्याच्या वेढ्यावर होता, म्हणजे त्याचं सैन्य या मुलखात होतं हे खरं. पण प्रत्येक तुटलेलं नाक आणि सोंड त्याच्या नावावर टाकण्याआधी दगड बघा. घाव घालून उडवलेल्या जागी तुटलेली कड स्पष्ट असते. ऊनपावसाने झिजलेल्या जागी पापुद्रे सुटतात आणि कडा गोल होतात. मूर्तीचा जो भाग पुढे आलेला असतो तो कोणत्याही कारणाने आधी जातो. इथे दोन्ही प्रकार आहेत.

आता नजर वर न्या. भिंत सपाट नाही, कोनाकोनांनी मोडत जाते, वरून पाहिलं तर चांदणीसारखा आकार दिसेल. या मोडणीमुळे उजेड-सावलीचे उभे पट्टे पडतात आणि प्रत्येक मूर्तीला स्वतःचा कोनाडा मिळतो. शिव, विष्णू, ब्रह्मा, गणपती, भैरव, चामुंडा असे देव आणि मधूनमधून सुरसुंदरी, म्हणजे अप्सरांसारख्या स्त्रीमूर्ती. देव ओळखायचा तर चेहरा बघू नका, हात बघा. हातातलं आयुध आणि पायाशी असलेलं वाहन, या दोन खुणांवर बरेचसे देव ओळखता येतात. सुरसुंदरींना आयुधं नसतात, त्यांच्या हातात रोजच्या वस्तू असतात. आरसा धरलेली दर्पणा, झाडाची फांदी धरलेली शालभंजिका, पत्र लिहिणारी पत्रलेखा, अशी त्यांची ठरलेली रूपं आहेत. ती माहीत असली की भिंत वाचता येते.

मंदिराच्या शिखरावरून मात्र काळ ठरवायला जाऊ नका. खालचं दगडी अंग जुनं, वरचा चुना-विटांचा भाग नंतरचा.

दुसरा टप्पा: दक्षिण दारापाशी थांबा

बहुतेक लोक दक्षिणेच्या दारावरून पुढे निघून जातात. सुरसुंदरींच्या गर्दीत अक्षरांचा एक दगड कुणाच्या डोळ्यांत भरणार? पण इतिहास सगळ्यात मोकळेपणाने बोलतो तो इथेच. दाराजवळ देवनागरी लिपीतला संस्कृत शिलालेख आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने कोपेश्वराला गावाचं दान दिल्याची नोंद त्यात आहे, काळ इ.स. १२१३-१४.

आता या सालाची गंमत बघा. मंदिर यादवांनी बांधलेलं नाही. ते काम कोल्हापूरच्या शिलाहारांच्या राजवटीतलं, १२ व्या शतकातलं. त्यांच्यातल्या गंडरादित्याचं नाव या मंदिराशी जोडलं जातं. हे शिलाहार स्वतःला महालक्ष्मीच्या वरप्रसादाने राज्य मिळालेले म्हणवत, त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. याच गंडरादित्याने मिरज प्रांतात गंडसमुद्र नावाचा तलाव खोदवून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन (जैन तीर्थंकर) अशा तिघांची स्थापना केल्याचा ताम्रपट आहे. या घराण्याचा शेवटचा राजा दुसरा भोज. त्याला सिंघणाने १२१२ च्या सुमारास हरवलं आणि कोल्हापूरचं राज्य यादवांकडे गेलं.

म्हणजे जेमतेम वर्ष-दोन वर्षांत, हरवलेल्या राजाच्या प्रदेशातल्या मोठ्या देवाला नवा राजा गाव इनाम देतो आणि ते दगडावर कोरून ठेवतो. मला यात भक्तीइतकंच राजकारणही दिसतं. मालक बदलला आहे, पूजा चालू राहील, आणि यापुढे देणारा हात आमचा: लोकांपर्यंत हे पोचवायला दौंडी पिटण्यापेक्षा देवळाच्या दारातला दगड बरा.

लेख वाचायचा कसा? समोरून टॉर्च मारलात तर अक्षरं पुसल्यासारखी सपाट दिसतील. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. उजेड घसरत गेला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर उभं राहतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझ्या पुतणीने "काका, हे तर आपलंच 'श्री' आहे" म्हणून टाळी वाजवली होती. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, काही वळणं आजच्यापेक्षा वेगळी असतात, तरी मराठी वाचणाऱ्याला चार-दोन अक्षरं नक्की लागतात. कुठल्याही लेखात शक दिसला तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळतो. अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका. काहींनी असे उद्योग करून ठेवलेत आणि ते दगडाच्या रंध्रांत बसलंय.

मंदिरात जुन्या कन्नडमधले लेखही आहेत. ते पाहून बुचकळ्यात पडू नका. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात त्या काळी राज्यकारभार आणि दानपत्रं कन्नडमध्ये सर्रास चालत. आजही बाजारात कान दिलात तर दोन्ही भाषा ऐकू येतील.

इथेच उभ्या उभ्या आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. १०५४ मध्ये कोप्पम इथे चोळ आणि चालुक्य यांची मोठी लढाई झाली. चोळ राजा राजाधिराज हत्तीवर बसून लढताना मारला गेला आणि त्याचा धाकटा भाऊ दुसरा राजेंद्र याने रणांगणावरच राज्याभिषेक करून घेतला. हे कोप्पम म्हणजे खिद्रापूर, असं काही अभ्यासकांचं मत आहे. इतर काहींना ते मान्य नाही, ते दुसरीकडे बोट दाखवतात. पण मत खरं धरलं तर प्रश्न पडतो: कोप्पमचा देव तो कोप्पेश्वर, आणि त्या नावाचा अर्थ लावताना "कोप" आला का? की शिवाच्या कोपाची कथा, जी पुढे येईल, ती आधीची? हा प्रश्न खिशात ठेवून आत जा, लगेच निकाल लावायची गरज नाही.

तिसरा टप्पा: स्वर्गमंडप

पश्चिम आणि उत्तर बाजू पुरी करून पुन्हा पूर्वेला या आणि आता स्वर्गमंडपात शिरा. ४८ खांब, आणि छताच्या मध्यभागी सुमारे १३ फूट व्यासाचा गोल मोकळा झरोका. खाली त्याच मापाची वर्तुळाकार शिळा. भोवती १२ खांबांचं कडं. शिळेच्या मधोमध उभं राहून वर पाहायचं, हे सगळेच करतात, तुम्हीही करा. पण मग कडेला येऊन बसा, कारण खरं बघण्यासारखं सगळं कडेला आहे.

आठ दिशांचे दिक्पाल शोधा. क्रम पाठ असेल तर खेळ सोपा आहे: पूर्वेला हत्तीवरचा इंद्र, आग्नेयेला मेंढ्यावरचा अग्नी, दक्षिणेला रेड्यावरचा यम, नैर्ऋत्येला माणसाच्या पाठीवरचा निर्ऋती, पश्चिमेला मकरावरचा वरुण, वायव्येला हरणावरचा वायू, उत्तरेला कुबेर, ईशान्येला ईशान. ईशानाचं वाहन बैल. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. खांबांकडेही नीट बघा. एकच खांब खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल असा बदलत जातो आणि गोल भागावर कडी घातल्यासारख्या धारदार रेषा आहेत.

छत उघडं का ठेवलं? एक मत असं की घुमट बसवायचा राहून गेला. दुसरं असं की ते मुद्दाम तसं आहे, खाली होम व्हायचे आणि धूर वर जायचा. मला दुसरं पटतं. शिळा आणि झरोका यांचं माप इतकं जुळतं आणि झरोक्याची कड इतकी नीट घडवलेली आहे की अर्धवट सोडलेलं काम तसं दिसत नाही. पण हे माझं मत, पुरावा नव्हे.

त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र या झरोक्यावर येतो, म्हणून त्या रात्री इथे गर्दी लोटते. यात चमत्कार नाही, भूगोल आहे, आणि मला तो चमत्काराहून जास्त आवडतो. खिद्रापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसोळा अंशांच्या थोडं पुढे आहे. कार्तिकात सूर्य साधारण तितकाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणून तो तितकाच उत्तरेकडे, आणि मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे दरवर्षी तो काटेकोर मध्यावर येईलच असं नाही. एखाद्या वर्षी उजेड शिळेच्या कडेला पडला तर हिरमुसून जाऊ नका.

गर्दी नको असेल तर माझं ऐका, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात या. त्या दिवसांत सूर्य इथे बरोबर माथ्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. दुपारी साडेबाराच्या सुमारास झरोक्यातून उतरलेला उन्हाचा गोल खालच्या शिळेवर चकतीसारखा बसतो. मी गेलो त्या दुपारी मंडपात आम्ही दोघंच होतो, एक मी आणि सावलीला पडलेलं कुत्रं. चकतीची कड सरकताना चक्क डोळ्यांना दिसते. (मोजे, मी सांगितले होते.)

चौथा टप्पा: सभामंडप ते गाभारा

उजेडातून सभामंडपात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटं उंबऱ्याच्या आत नुसते उभे राहा. हळूहळू दगडी जाळ्यांमधून येणारा प्रकाश जमिनीवर दिसायला लागतो, मग खांब, मग खांबांवरचे छोटे चौकोन. या चौकोनांत पंचतंत्रातल्या गोष्टी कोरलेल्या आहेत. प्राणी ओळखा, गोष्ट आपोआप आठवते. आजी-आजोबा बरोबर असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा, आपल्यापेक्षा त्यांना जास्त गोष्टी येतात.

इथून गाभाऱ्याकडे चालताना कथा ऐकायची. दक्षाने यज्ञ केला, जावयाला बोलावलं नाही. सती तरीही माहेरी गेली, शिवाने तिच्यासोबत नंदी दिला. भर यज्ञात नवऱ्याची निंदा ऐकून तिने स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केलं. शिवाचा कोप अनावर झाला, दक्षाचं मुंडकं उडालं, पुढे विनवण्या झाल्यावर त्याला बोकडाचं शीर मिळालं. तरी राग शमेना. तेव्हा विष्णूने त्याची समजूत काढली, ती या जागी. रागावलेला तो कोपेश्वर आणि समजूत काढणारा विष्णू तो धोपेश्वर.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, एक कोपेश्वराचं आणि एक धोपेश्वराचं. विष्णू लिंगरूपात आणि तोही शिवाच्या शेजारी, हे क्वचितच बघायला मिळतं. नुसता नमस्कार करून वळू नका, दोन्ही वेगवेगळी बघा. पूजा चालू असेल तर टॉर्च बंद ठेवा आणि गुरवांना विचारूनच पुढे व्हा.

आणि आता मागे वळून बघा. गाभाऱ्यासमोर, जिथे नंदी असायला हवा, ती जागा मोकळी आहे.

हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते एका आज्जींमुळे. ओट्यावर बेल निवडत बसल्या होत्या. मी विचारलं, "आज्जी, नंदी कुठंय इथला?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "त्यो व्हय? बाईला घिऊन म्हायेरी गेलाय न्हवं. अजून आलाच न्हाई." आठशे वर्षांच्या मंदिरातली रिकामी जागा त्यांच्या लेखी शेजारच्या घरातली बातमी होती.

इतिहासवाला माणूस म्हणेल, नंदी हलवला असेल, फुटला असेल. असेलही. कथेने मात्र त्या रिकाम्या जागेला कारण दिलं आणि लोकांना ते पटलं. पण मघाशी ईशान दिक्पालाचा बैल लक्षात ठेवायला सांगितलं होतं. बाहेर स्वर्गमंडपात परत जा आणि ईशान्येकडे बघा. घरधन्याचा बैल माहेरी गेला तरी दिक्पालाचा जागेवर आहे. आज्जींना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

पाचवा टप्पा: गावात आणि नदीपलीकडे

मंदिराजवळच आदिनाथाचं जैन मंदिर आहे, ते चुकवू नका. कोपेश्वर पाहून झाल्यावर लगेच गेलात तर खांब, कोरीव थर, दारांच्या चौकटी यांतलं साम्य लख्ख दिसतं. देव बदलला, हात त्याच परंपरेतले. गंडरादित्याच्या त्या तलावाकाठच्या तीन देवतांची आठवण मला नेहमी इथे येते. पूजा चालू असते, तेव्हा आवाज आणि कॅमेरा दोन्ही आवरा.

हातात अख्खा दिवस असेल तर नंदीच्या माहेरी जाऊन या. कर्नाटकात, चिक्कोडी भागात कृष्णाकाठी यडूर आहे. दक्षाचा यज्ञ तिथेच झाला अशी श्रद्धा आहे आणि तिथलं वीरभद्राचं देवस्थान मोठं आहे. शिवाच्या कोपातून निघालेला तो वीरभद्र, म्हणजे कथेचा दुसरा भाग तिकडे मांडलेला. गावातली माणसं खिद्रापूरचा नंदी म्हणून यडूरकडेच हात करतात. अंतर थोडं, पण मध्ये नदी. रस्त्याने कुठून वळसा घ्यायचा ते पाण्यावर ठरतं, त्यामुळे नकाशापेक्षा गावातल्या रिक्षावाल्याचं ऐका. एक देऊळ महाराष्ट्रात, त्याचा नंदी कर्नाटकात, आणि सीमेवरच्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नाही.

वेळ कमी असेल तर यडूर पुढच्या खेपेला ठेवा आणि परतीच्या वाटेवर नृसिंहवाडीला थांबा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुका आहेत, घाटावर बसायला जागा आहे आणि बासुंदीची दुकानं रात्रीपर्यंत उघडी असतात. वहीत काढलेल्या हत्तींची बेरीज तिथे करा. आमचा आकडा तीन वेळा तीन वेगवेगळा आला.